गोजाचं नवं

६ सप्टेंबर

खोटं बोलले. तेही लेखी. मीनाला मेल केली — 'आई बरी आहे. जेवते. काळजी करू नकोस.'

तिचं जहाज आज दुपारी गोव्याहून सुटलं. पावसाळी समुद्रातले प्लवक गोळा करायला निघाली आहे पोरगी. पाण्यात तरंगणारे, प्रवाह नेईल तिकडे जाणारे जीव; बहुतेक इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. वावर गावच्या पाड्यावरून असल्या जहाजावर पाय ठेवणारी ही पहिलीच. आणि तिची आई, माझी धाकटी बहीण गोजा, इथे जव्हारला माझ्या पलंगावर पोटाशी गुडघे घेऊन पडली आहे.

नाशिकच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यातच सांगितलं. यकृतात पसरलंय. दिवाळीचं काही सांगता येत नाही म्हणाले. बाहेर बाकावर बसल्या बसल्या गोजानं माझं मनगट धरलं. "बाय, पोरीला सांगशील त माजं मेलं तोंड बघशील." मी मान हलवली. तिथेच नाही म्हणायला हवं होतं.

जहाजावर जाण्याआधी मीना वावरला आईला भेटून गेली. मी गेले नाही. गुडघा धरलाय असं कळवलं. धरला होता, पण इतका नाही. त्या पोरीच्या डोळ्यांत बघून मला बोलता आलं नसतं. ती गेल्यावर शेजारच्या माघीनं गोजाला जीपमध्ये घालून माझ्याकडे आणून सोडलं.

८ सप्टेंबर

मेल नाही. गोजाच्या पोटात पेज टिकत नाही.

१० सप्टेंबर

आली मेल! जहाजावर फोन लागत नाही, मेल तेवढी अधूनमधून ये-जा करते. मीनानं लिहिलंय, 'मावशी, आईला वाचून दाखव.' गोजाला उशीला टेकून बसवलं आणि वाचलं.

बारीक जाळीचं लांब नाकाडं सोडतात पाण्यात, टोकाला बाटली. वर ओढलं की बाटलीत कपभर चहाएवढं गढूळ पाणी. त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पेटी उघडावी तसं — काचेच्या डब्या, काचेच्या सुया, साखळ्या, शिंगांचे, शेपटांचे. 'आई, एका थेंबात आपल्या जत्रेतल्यापेक्षा जास्त सोंगं आहेत,' असं लिहिलंय. पावसाळी वाऱ्यानं केरळच्या बाजूला समुद्रातलं तळाकडचं थंड पाणी वर येतं, त्यातून खत येतं, म्हणून आत्ता हे जीव माजतात.

"समुद्रालापण राब लागतो होय?" गोजा म्हणाली. भातरोपांसाठी आम्ही पालापाचोळा, शेण जाळून जमीन भाजतो, तो राब. मी म्हटलं, तसंच काहीसं.

"नि हे खातंय कोण?"

"मासे खातात. तुझा जवळासुद्धा त्याच जातीचा. तोही तरंगताच."

"म्हंजी ज्याला हुडकाया पोर जहाजात गेली, ते मी इथं मोखाड्याच्या बाजारातनं आणून चटणीत घालते!"

खूप हसली. मग पोट धरलं. मी हसत राहिले. मला उशिरा कळलं.

रात्रीच्या आत उत्तर लिहिलं: 'आई खूप हसली.' निदान हे तरी खरं.

१३ सप्टेंबर

पुन्हा मेल. या वेळी खेकड्याची पिल्लं. समुद्रातली चिंबोरी अंडी फुटली की पिल्लं पाण्यात सोडून देते. ती महिनाभर प्लवकांत तरंगतात. मोठे डोळे, डोक्यावर काटा, आईशी काही म्हणता काही साम्य नाही. शहाण्या लोकांनी पूर्वी त्यांना वेगळाच प्राणी समजून वेगळं नाव दिलं होतं म्हणे.

गोजाला पटेना. "आमची ओहळातली चिंबोरी पोरं पोटाखाली धरून हिंडते. दिसाया अगदी चिंबोरीच, मोहरीएवढी. तसली घावली त आम्ही सोडून देतो."

"ती डोंगरातली. समुद्रातली सोडून देते."

"कशी सोडवते तिला?"

मी म्हटलं, सगळी पोटाशी ठेवली तर पसरणार कशी? वर मास्तरीणबाईंच्या थाटात आणखी काही सांगितलं असतं, पण ती ऐकत नव्हती. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मीना तरी कुठं माज्यासारखी दिसते."

एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे. इतकी लांब मेल, आणि 'आई कशी आहे' हा प्रश्न नाही. पहिल्या मेलमध्येही नव्हता. 'वाचून दाखव' तेवढं. पोरं आपल्या कामात बुडतात हे मान्य. पण एक ओळ?

म्हणजे मी खोटं बोलतेय ते न विचारलेल्या प्रश्नाला. कसली बाई मी!

१५ सप्टेंबर

पाऊस उघडला. गोजा विचारत होती, लवकर येणारं हळवं भात पिवळं पडलं का, कणसं लवली का. पाड्यावरच्या बाया तिला रोज डोळ्यांपुढे दिसतात बहुतेक.

मला दादा आठवले. आमचे वडील. मी तेव्हा समुद्राकाठच्या कॉन्व्हेंटात. सिस्टर ॲग्नेस पाड्यावर आल्या होत्या, तुमच्यातली एक पोर शिकायला द्या म्हणाल्या. मी मोठी, म्हणून मी. गोजा गुरांमागे राहिली. वसतिगृहाच्या गच्चीवरून समुद्र दिसायचा आणि मला वाटायचं, गोजाला हे एकदा दाखवायचं. नंतर मला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, ह्यांच्यामागे एकटी राहिले, गोजाच्या पोरीला घरी ठेवून शिकवलं. गोजाला समुद्र दाखवायचा राहिलाच.

दादा त्या वर्षी भादव्यात गेले. मी सुट्टीला आले तेव्हा आईनं सांगितलं. नवा दाणा देवाला दाखवल्याशिवाय आमच्यात कोणी तोंडात घालत नाही, आणि त्या दिवशी घरातली सगळी माणसं एकत्र बसून खातात. दादा तोवर टिकणार नाहीत हे आईला दिसलं. तिनं शेतातून हिरवी कणसं आणली, दुधातले दाणे तव्यावर परतले, देवाची माफी मागितली आणि दादांना भरवले. 'त्यांचं नवं करून घेतलं,' म्हणाली. जाणाऱ्याचं आधी करतात. गोजा तिथे होती. तिनंही दादांच्या ताटात खाल्लं. मी नव्हते.

सिस्टर म्हणायच्या, खरं बोलणं ही सगळ्यात छोटी प्रार्थना. आज नऊ दिवस झाले, तेवढीही जमलेली नाही.

१८ सप्टेंबर

मीना लिहिते, जहाज शनिवारी कोचीला लागणार. पाणी, इंधन, भाजीपाला. काही माणसं उतरतील, काही चढतील. मग पुन्हा खोल समुद्रात, परत यायला ऑक्टोबर उजाडेल.

उतरता येतं म्हणजे!

कोचीहून विमानानं मुंबई, तिथून गाडीनं इथे. दुसऱ्या दिवशी पोर आईजवळ. पण मग उरलेलं काम गेलं. तेच तेच ठिकाण, तीच जाळी, दुपारी एकदा आणि सूर्य बुडताना एकदा — मध्ये खंड पडला तर पुढचं मागच्याशी ताडून बघता येत नाही. तिची जागा दुसरा कोणी घेईल. तिच्यामागे यादीत मुंबई-पुण्याची मुलं उभी आहेत.

इथले डॉक्टर आज घरी येऊन गेले. दारात थांबून म्हणाले, "कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

१९ सप्टेंबर

मेल लिहिली. 'मीना, कोचीला उतर. आईला कॅन्सर आहे. आम्ही तुझ्यापासून लपवलं, मला माफ कर.' वाचली. पाठवली नाही.

२० सप्टेंबर

गोजाला सरळ विचारलं. बोलवू का?

"काय झालं? मेले का मी?"

"गोजा."

"वाच पोरीनं काय लिवलंय ते."

वाचलं. पाण्यातले किती तरी बारीक प्राणी दिवसा खोल काळोखात जाऊन राहतात आणि सूर्य बुडाला की वर येतात. वर खायला असतं, पण उजेडात माशांना दिसतात. म्हणून रोज वर, रोज खाली. तांदळाच्या दाण्याएवढा जीव शेकडो मीटर चढतो-उतरतो. सगळ्या पृथ्वीवर रोज एवढी मोठी ये-जा दुसरी कुठली नाही.

"आम्हीपण तसलेच," गोजा म्हणाली. "दिवाळी झाली का खाली भिवंडीला वीटभट्टीवर. पाऊस आला का वर."

"तुम्हाला कोण खातं खाली?"

"शेठ!"

पुन्हा ते हसणं. मग दम लागला. पडल्या पडल्या म्हणाली, "मीना पोटात होती तवा मी भट्टीवर होते. तवाच ठरवलं, ही खाली जाईल त कुणाच्या विटा थापाया जायाची नाय. आता गेलीय समुद्राच्या तळाचं बघाया. नि तू मधीच वर वढतेस?"

तिला पटवायला हवं होतं का? की तिला न विचारता पाठवायला हवी होती? मरण हिचं म्हणून हीच ठरवणार, की पोरीचाही आईवर काही हक्क आहे?

२१ सप्टेंबर

जहाज आज कोचीला. मेल तशीच मोबाइलमध्ये पडून आहे.

२२ सप्टेंबर

गेलं पुढे.

काल दिवसभर दर थोड्या वेळानं मोबाइल हातात घेत होते. बोट ठेवायचं तेवढं होतं. चहा केला, गोजाचं अंग पुसलं, कपडे वाळत घातले. संध्याकाळ झाली. ठरवलं असं मी काहीच नाही. वेळ जाऊ दिला, आणि वेळेनं ठरवलं. शपथेचं नाव उगाच पुढे करते आहे. मला मीनाचा राग सहन झाला नसता, एवढंच. आता तो नंतर, आणि जन्मभराचा.

२५ सप्टेंबर

मेल. नमुने टिकवायला औषधात घालतात, त्यात जीव मरतात, काचेचे तसेच राहतात. पण जेलीसारखे आकसतात आणि रंग सगळ्यांचे उडतात. म्हणून मीना बाटली वर आल्या आल्या, जिवंत आहेत तोवर चित्रं काढून रंग भरते. एक लांबट, पारदर्शक, त्याच्या पोटात नारिंगी थेंब. 'हा रंग औषधात घातला की जातो. आईला सांग, मी बघून घेतलाय.'

वाचता वाचता मी थांबले. गोजाचे डोळे मिटलेले. पण ऐकत होती, कारण बोट हललं. पुढे वाच, अशा अर्थी.

आणि याही मेलमध्ये 'आई कशी आहे' नाही. आता मला मीनाचा रागसुद्धा येतो. मग लाज वाटते. कोण कोणावर रागावणार!

२७ सप्टेंबर

माघी आली वावरहून. फडक्यात बांधून नवा तांदूळ. गोजाच्या वाडीतलं हळवं भात आधी तयार झालं, माघीच्या घरच्यांनी कापलं, कांडलं.

"बाई, पाड्यावर नवं झालं सगळ्यांचं. हिचं तेवढं राहिलं. दोन घास मऊ करून द्या."

मी लगेच चूल — गॅसच, पण अशा वेळी चूलच तोंडात येते — पेटवायला उठले. गोजानं मान हलवली. ओठ कोरडे, आवाज अगदी बारीक. "माजं नवं झालं."

"कधी गं? आत्ता तर आणलं माघीनं."

"झालं."

माघी माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागली. डॉक्टर म्हणालेच होते, असंबद्ध बोलतील. मी आग्रह केला नाही. तांदूळ डब्यात ओतून ठेवला.

२८ सप्टेंबर

सकाळी गेली. चहा निवत होता. माझा हात तिच्या हातात होता, की तिचा माझ्या, माहीत नाही.

२९ सप्टेंबर

काल संध्याकाळीच वावरला नेलं. नदीकाठी. पाड्यावरचे सगळे होते. त्यांच्यातलाच मोठा फागू कोणाला तरी विचारत होता, "पोर कुठं हाय हिची?" उत्तर देणाऱ्यानं माझ्याकडे बोट केलं. माझ्याकडेच करायला हवं होतं.

आज परत आले. पलंगावरची चादर काढली नाही. मीनाच्या संस्थेच्या कार्यालयात फोन केला. म्हणाले, जहाजाला कळवतो, ती उपग्रहाच्या फोनवरून तुमच्याशी बोलेल. घरात फोनजवळ बसून वाक्यं जुळवते आहे. 'मीना, मी तुझ्याशी खोटं बोलले.' इथून सुरुवात करायची. मध्ये थांबायचं नाही. काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

३० सप्टेंबर

फोन आला. आवाज मागाहून पोचत होता. मी म्हटलं, "मीना, मी तुझ्याशी खोटं—"

"मला माहीत आहे, मावशी. वावरहून निघायच्या दिवशी आईनं शेतातली हिरवी कणसं आणली. तव्यावर परतली. एका ताटात खाल्लं आम्ही. मग विचारायचं काय उरलं? मावशीला सांगू नको म्हणाली, ती तुला जाऊ द्यायची नाही."

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले.

माघीनं आणलेला तांदूळ डब्यात तसाच आहे. मी अजून खाल्लेला नाही.