डोळ्यांना दिसणाऱ्या देवास

समोसिर बेट, बुधवार

आदरणीय हासुदुंगान दादांच्या चरणी, तुमच्या बहिणीचा नवरा मांगासी याचा कमरेतून वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच, बाकीचा मनाने वाकलो असं समजावं).

आपल्यात बायकोच्या भावाला डोळ्यांना दिसणारा देव म्हणतात. तुमचं दर्शन होऊन सात वर्षं झाली, त्यामुळे हल्ली मला न दिसणाराच बरा वाटायला लागला आहे; तो निदान माझं नाव बघून फोन पालथा घालत नाही. (हे तुमच्याच नातवाने सांगितलं, त्याला रागावू नका.) म्हणून हे पत्र. पालथं केलंत तरी मागच्या बाजूलाही लिहिलेलं आहे. वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुमच्याकडे सियांतारला पाऊसपाणी ठीक? तुमचे दात बरे आहेत ना? तुमच्याशी कधी बोलणं झालंच तर दातांचा विषय काढायचा नाही असं तुमच्या बहिणीने, तियार्माने, चारदा बजावलं होतं, तरी निघालाच.

आता निघालाच आहे तर माफी मागून टाकतो. थोरलीच्या लग्नात तुमच्या मानाचा हाडासकट वाटा तुमच्या पानात पडायला हवा होता. पण तुम्ही त्याच महिन्यात नवी कवळी बसवलेली. मी विचार केला (तियार्मा म्हणते, आमच्या घरातलं प्रत्येक संकट या दोन शब्दांनी सुरू झालं आहे) की दादांना हाड कसं चावणार? म्हणून तुम्हाला मऊ मांस वाढलं आणि तुमचं हाड गेलं माझ्या काकाच्या पानात, ज्याचे सगळे दात शाबूत होते आणि अक्कल एकही नाही. चारशे माणसांदेखत तुम्ही पान सारून उठलात. मानाचा वाटा चावायचा नसतो, तो घरी न्यायचा असतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. चूक माझी होती. शिक्षा मात्र तियार्माने भोगली.

तर तियार्माबद्दल. फेब्रुवारीपासून तिच्या पोटात दुखत होतं. पलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, यकृतभर पसरलंय, दोन महिने धरा. हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, दादा. डॉक्टरांच्या त्या बोलण्याला आता पाच आठवडे झाले.

मी चर्चच्या मंडळीचा नेमलेला वडील. बावीस वर्षं चर्चमध्ये उभा राहून लोकांना सांगत आलो की आपल्या अकलेवर आणि मनाच्या उमाळ्यावर भिस्त ठेवू नका, देवाला पुढचं दिसतं. बायका डोळे पुसत घरी जायच्या. इस्पितळातून परत येताना होडीत कळलं की हे औषध मी दुसऱ्यांनाच पाजत आलो होतो, स्वतः कधी जिभेवर ठेवून बघितलं नव्हतं. भयंकर कडू आहे. आणि मग मी पुन्हा विचार केला.

तुम्हाला ठाऊकच आहे, सगळी लेकरं संसाराला लागल्यावर बाई गेली तर ते भरलं मरण. वाजंत्री वाजतात, माणसं नाचतात, म्हैस कापली जाते. एक जरी बिनलग्नाचं मागे राहिलं तरी मान उणा. आणि आमचा पार्लिन चौतीस वर्षांचा, बातामच्या जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करतो आणि लग्न म्हटलं की काळा चष्मा लावतो. जिने चाळीस वर्षं माझ्या घरात कांदे लावले, डुकरं वाढवली, तिचं मरण उणं? मी ठरवलं, दोन महिन्यांत पोराला बोहल्यावर चढवायचं. तिला आजाराचं कळू द्यायचं नव्हतं, म्हणून पार्लिनला फोन केला आणि सांगितलं, तुझा बाप शेवटचे दिवस मोजतोय, ये.

पोरगा दुसऱ्या दिवशी हजर. पण त्याने वाटेत ही बातमी होडीवाल्याला सांगितली, आणि होडीवाल्याला सांगणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं. दुपारपर्यंत घरात माणूस मावेना. मला अंथरुणावर पडणं भाग पडलं. पाळकसाहेब आले, काही पाप सांगायचं राहिलंय का म्हणाले. (मी तुमच्या हाडाचं सांगितलं. ते म्हणाले, हे सगळ्यांना माहीत आहे, नवीन काही सांगा.) गायकवृंदाने माझ्या उशाशी अंत्यविधीची गाणी बसवायला घेतली, दुसरा आवाज बेसूर होता, पण मरणाऱ्याने काय बोलायचं? आणि या सगळ्यांना कॉफी कोण देत होतं? तियार्मा. एक हात पोटावर दाबून, भिंतीला टेकत टेकत. मी पांघरुणाच्या फटीतून बघत होतो. इतकी लाज मला जन्मात वाटली नाही.

लोक गेले तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "झालं तुमचं मरून? मग उठा, मला जरा पडू द्या."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी इस्पितळाबाहेर सिगारेट ओढत रडत होतो तेव्हा तिने डॉक्टरांना सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तुम्हाला झेपलं नसतं." पार्लिनच्या लग्नाचं काढलं तर म्हणाली, "लग्न त्याचं, मरण माझं, तुमची लुडबुड कशाला? देव काय तुमच्या पाहुण्यांची सोय बघून येणार आहे? त्याला माझी वेळ कळते. मला नाही कळत, तुम्हाला तर मुळीच नाही." मग भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला भीती वाटत नाही असं नाही. माझा हात धरून ठेवते, पूर्वी कधी धरत नसे.

गेल्या रविवारी प्रार्थना सांगताना, देवा, तुझ्या मनासारखं होऊ दे, या ओळीला मी थांबलो. तोंडातून येईना. मंडळी माझ्यावाचून पुढे म्हणत गेली. मला देवाचा राग आला आहे, दादा. हे पाळकांना सांगितलेलं नाही. पार्लिन इथेच आहे, आईचे पाय चेपतो. लग्नाचा विषय आता कुणी काढत नाही.

तर मुद्दा एवढाच, की सवडीने कधी आलात तर एक डुक्कर कापीन आणि तुमचा वाटा हाडासकट तुमच्या पानात वाढीन. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा अपराधी,
मांगासी

ता.क. डुक्कर हे निमित्त आहे. माहेरच्या हातचा तिरफळं घातलेला मासा आणि खांद्यावर घालायची मानाची शाल घेऊन या, आणि दोन घास तिला तुम्ही भरवा. हे तिच्या भावानेच करायचं असतं, मी केलं तर त्याला अर्थ नाही. पेज दोन चमचे जाते. झोपेत तुम्हाला हाक मारते.

ता.क. दुसरं. तिने पत्र वाचून घेतलं. दातांच्या ठिकाणी एवढी हसली की कळ आली. मग म्हणाली, "पाठवू नका. मरते आहे म्हणून आलेला दादा मला नको. देवाला आणायचा असेल तर तो आणील, तुमच्या टपालावाचून." तिचं म्हणणं बरोबर असणार, नेहमीच असतं. मी हो म्हणालो आणि तिच्यादेखत पत्र कपाटात ठेवलं.

ता.क. तिसरं. हे धक्क्यावर उभ्याने लिहितो आहे, अक्षराला हसू नका. होडी सुटते आहे. देवाकडे वेळ भरपूर आहे, आपल्याकडे नाही. रविवारच्या आत या. आणि पत्र मिळालं असं तिच्यासमोर चुकूनही बोलू नका. सहज आलो म्हणा.