टाके आणि कुलूप

चेर्नी ओसम,
२२ जानेवारी १९८६

ती. लुबेनमामांस,
भाची इव्हेलिनाचा शि. सा. न.

छोटा स्पास आता कामेनचे नाक चावतो. तुमचे मागचे पत्र वाचून सासूबाई म्हणाल्या, की तुझे मामा प्रसूतीचे डॉक्टर नसून दरबारातले भाट असावेत. हे कौतुक समजावे.

काल बाबिनदेन, सुईणीचा सण झाला. गावातल्या साऱ्या लेकुरवाळ्यांनी सुईणीचे हात धुतले, जेवल्या, नाचल्या, चावट गाणी म्हटली. मी डोके दुखते म्हणून घरी राहिले. मामा, डोके दुखत नव्हते. आईला लिहिले तर ती रडत बसेल. तुम्ही डॉक्टर, म्हणून लाज गिळून लिहिते. बाळंतपणात मी खालून मागच्या वाटेपर्यंत फाटले. टाके घातले, जखम भरली, पण वारा आवरत नाही आणि कधी कपडेही खराब होतात. चार बायकांत बसण्याची धास्ती वाटते. कामेनला दुसरे मूल हवे आहे; मी पाठ करून झोपते आणि कारण सांगत नाही.

सासूबाईंना मात्र फाटण्याचे कारण ठाऊक आहे. मला कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी रिवाजाप्रमाणे घरातली कुलपे उघडली, गाठी सोडल्या, कामेनच्या बुटांच्या नाड्यासुद्धा. फक्त माझी पेटी बंद राहिली. जन्माआधी बाळाचे कपडे घरात असू नयेत, म्हणून मी विणलेली टोपडी तिच्यात लपवली होती आणि किल्ली गळ्यात घालून इस्पितळात गेले होते. वाट बंद ठेवलीस, मग फाटणारच, असे त्या म्हणतात. प्लोव्हदिवला येऊन तुम्हाला दाखवते म्हटले, तर कुलपाला डॉक्टर काय करणार, म्हणून जाऊ देत नाहीत. मामा, खरेच माझ्यामुळे झाले का?

तुमची,
इव्हेलिना


प्लोव्हदिव,
२९ जानेवारी

चि. सौ. इव्हेलिना हिस,
मामाचे उदंड आशीर्वाद, स्पासच्या नासिकाभक्षणासही.

न्यायासनावर आरूढ होऊन निकाल देतो: पेटी निर्दोष, किल्ली निर्दोष, टोपडी तर परम निर्दोष. ज्या प्रदेशास शास्त्रकार ‘विटप’ असे भारदस्त नाव देतात, आणि ज्याच्या उच्चाराने माझे विद्यार्थी कानापर्यंत लाल होतात, तो फाटण्याची कारणे विद्वानांनी पुष्कळ धुंडाळली आहेत. त्यांत कुलूपशास्त्राचा अंतर्भाव नाही.

तुझी हकीकत मी तेथील डॉक्टरांस दूरध्वनीवरून विचारली. तू प्रथमप्रसूता. चिरंजीव स्पास यांनी चार किलो चारशे ग्रॅम वजनानिशी, मंत्र्याच्या थाटात पदार्पण केले. तेही नम्रपणे जमिनीकडे पाहत नव्हे, तर आकाशाकडे मुख करून. या पवित्र्यात मस्तक अधिक जागा मागते. जोर लावण्याचा काळ लांबला, बाळाचे ठोके मंदावले, चिमटा लावावा लागला. यांतले एकेकटे कारणही धोका वाढवते. तुझ्याकडे तर सारे मंडळ सभेस उपस्थित होते. इतके असून न फाटलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि यांतले काहीही नसताना फाटलेल्याही. तुझ्या हातून काहीही चुकलेले नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाच.

आता थट्टा पुरे. आतला स्नायू नीट सांधला गेला की नाही, हे तपासल्यावाचून कळत नाही. व्यायामाने बऱ्याच जणी सुधारतात. काहींवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पुढच्या वेळी तुला धोका इतरांहून अधिक, पण बहुतेकींच्या बाबतीत ते पुन्हा घडत नाही. स्नायू दुबळा आढळलाच, तर पोटावाटे मूल काढण्याचाही विचार करता येतो. मूल हवे की नको, हे नंतर ठरव, आधी ये. कामेनला सांग. पतिजातीस अज्ञानात ठेवल्याने तिची बुद्धी वाढल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हे पत्र विहीणबाईंस मोठ्याने वाचून दाखव. माझा साष्टांग दंडवत सांगून नम्रपणे विचार, की कामेनच्या जन्मसमयी सर्व कुलपे उघडली होती ना? मग तेव्हा सर्व कुशल पार पडले काय?

वयाने प्रौढ, विनयाने बालक असा तुझा,
लुबेनमामा


चेर्नी ओसम,
९ फेब्रुवारी

व्याही लुबेन यांस,
त्सोनाचा नमस्कार.

तुमची भाची त्या शेवटच्या प्रश्नापाशी अडखळली. मी म्हटले, वाच. तिने वाचले आणि मी शेळीला चारा घालायला गोठ्यात गेले. चारा सकाळीच घातला होता.

तुम्ही टोमणा मारलात. मी उत्तर सरळ देते. कामेनच्या वेळी एकूण एक कुलूप उघडे होते. माझी सासू स्वतः फिरून पाहत होती. तरी मी फाटले, पोरीसारखीच. मग सासूने घर पालथे घातले आणि कोठारातल्या लसणाच्या माळेला तिला गाठ सापडली. ती मी मारली होती. त्यानंतर मी गाठ पाहिली की सोडते. कामेनला भावंड का नाही, हे त्याच्या बापालाही सांगितले नाही. तो गेला बिचारा. बाबिनदेनला मी वाढायला उभी राहते, बसत कधीच नाही. बायका म्हणतात, त्सोना कामाची मोठी.

सून बोलत नव्हती तेव्हा मला कळत होते. ती का उठून जाते, एकटीच कपडे का धुते, सगळे कळत होते. पण त्यावर बोलायचे कसे, हे मला कोणी शिकवले नाही. कुलपाबद्दल बोलता येत होते, ते बोलले.

तिने कामेनला सांगितले. तो बाहेर जाऊन लाकडे फोडत बसला. आत येऊन म्हणाला, की दुसरे मूल राहू दे, आधी मामांकडे जा. माझा मुलगा मूढ नाही, हे तुमच्या शास्त्रकारांना कळवावे.

मंगळवारच्या गाडीने मी तिला आणि बाळाला घेऊन येते. घरी गाळलेली प्लमची रकिया आणते आहे. ती तुमच्यासाठी, विद्यार्थ्यांसाठी नव्हे. तिला आधी तपासा, नीट वेळ देऊन. आणि तुमच्याकडे एखादी बाई डॉक्टर असेल, तर तिला सांगून ठेवा, की बरोबरच्या म्हातारीलाही दाखवायचे आहे. या वयात काही होते का, ते ठाऊक नाही. पण तो व्यायाम म्हणता, तो बसून करायचा की उभ्याने, एवढे मला सांगा. थट्टा न करता सांगितलेत तर उपकार होतील; ते जमत नसेल तर थट्टा करून सांगा, पण सांगा.

आहे तो लोभ आंबू देऊ नये.

तुमची विहीण,
त्सोना