शेजारणीच्या सुनेसाठी

प्रिय ठमे,

खोकं मिळालं असेल तर आधी हे वाच, मग चिकटपट्टी काप. आईचा फोन आला होता. शेजारणीच्या सुनेचे म्हणे दिवस भरत आलेत. बाळाला अंगावर पाजायचंय, आणि कामावर रुजू झाली की पंपाने दूध काढून ठेवायचंय. तर घरात आधीपासून काय काय आणून ठेवावं, असं आई विचारत होती. आवाज अगदी सहज, भाजी निवडता निवडता आठवल्यासारखा. मीही तितक्याच सहजपणे म्हटलं, की फोनवर सांगितलेलं अर्धं विसरशील, मी सामानच पाठवते आणि सोबत लिहून देते. तू हल्ली आईकडेच असतेस असं कळलं, म्हणून पाकिटावर तुझं नाव घातलं. वाचून दाखव तिला.

त्या सुनेला सांग, दुकानवाल्यांच्या नादी लागू नकोस, ते नको नको ते गळ्यात मारतात. पुढून उघडणारे गाऊन घे. पाजताना घालायच्या ब्रा अगदी शेवटी घे, आधी घेतल्या तर ऐनवेळी तोकड्या पडतात. दूध आपोआप पाझरतं, त्यासाठी आत ठेवायचे कापडी पॅड खोक्यात आहेत. नवे आहेत, पण धुऊनच वापरायचे, कोरे पॅड काही शोषत नाहीत. बोंडांना चिरा पडतात, त्याचं मलमही दिलंय. घट्ट उशी हवी, मऊ उशीत बाळ खाली घसरतं आणि आपली पाठ धरते. जुन्या सुती साड्यांचे आणि चादरींचे तुकडे कितीही असले तरी कमीच पडतात. हाताशी पाण्याची बाटली ठेवायची, कारण बाळाने तोंड लावलं की घशाला कोरड पडते म्हणतात. मला ते माहीत नाही, मला पंपाचंच माहीत आहे. पंपानेही पडते.

पंपाचं छातीला लावायचं नरसाळं नीट बघून घ्यायचं. पंपाबरोबर येतं ते सरसकट मापाचं असतं. माझं मोठं होतं आणि मी दातओठ खात तसंच रेटत होते, मला वाटलं दुखतंच. हॉस्पिटलमधल्या नर्सने बघितलं आणि डोक्याला हात लावला. मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजते, अर्धा मिलिमीटर चुकला तरी भिंग परत घासायला लावते, आणि स्वतःचं माप घ्यायचं मला सुचलं नाही. शेवटी तीच पट्टी घरी आणली. ती पण खोक्यात टाकलीय. माप बोंडाचं घ्यायचं, भोवतीच्या काळ्या भागाचं नाही. मोटर माझीच आहे, तिच्या आत दूध जात नाही, त्यामुळे दुसऱ्या बाईने वापरली तरी चालते. पण नळ्या, नरसाळी, झडपा, दुधाला लागतं ते सगळं नवं कोरं घेतलंय. ते धुवायला वेगळं घमेलं आणि वेगळा ब्रश ठेवायचा, भांड्यांच्या सिंकमध्ये टाकायचं नाही. आणि बाळ व्हायच्या आधी हौसेने पंप लावून बघायचा नाही, सांग तिला. तिचा काही भरवसा नाही.

दुधाच्या पिशव्या थोड्याच घेतल्यात, लागल्या तर मिळतात. पिशवी गळ्यापर्यंत भरायची नाही, दूध गोठलं की फुगतं. तारीख आधी लिहायची, मग भरायची, भरलेल्या पिशवीवर पेन चालत नाही. आडवी ठेवून गोठवली की फ्रीजरमध्ये जागा कमी लागते. माझ्या फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे ठेवायलाही जागा उरली नव्हती. तुला माहीत आहे, पण त्या सुनेला कदाचित माहीत नसेल, की आमची पिल्लू फार लवकर आली आणि काचेच्या पेटीत होती. नाकातल्या नळीने तिला चमचाभर दूध जायचं आणि मी काढत होते बाटलीभर. नर्स म्हणायची, काढत राहा, उद्या पुरणार नाही. मग पिल्लू गेली. तुझे भावजी सगळ्या पिशव्या बर्फाच्या डब्यात घालून हॉस्पिटलला देऊन आले, तिथल्या दुसऱ्या बाळांसाठी. रिकामा डबा धुऊन त्यांनी माळ्यावर ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो. मी दोनदा आमटी घेतली. रडू आलं नाही. पुढेही आलं नाही.

दूध मात्र येत राहिलं. एकदम बंद करायचं नसतं, गाठी होतात, ताप भरतो. रोज थोडं थोडं कमी करत न्यायचं. घरात बसवेना म्हणून मी लवकरच कामावर गेले. दुकानाच्या मागे डोळे तपासायची अंधारी खोली आहे, तिथे बसून काढायचे, समोर अक्षरांचा तक्ता. मालक काकांनी एका शब्दाने विचारलं नाही. मी आत गेले की ते दारावर तपासणी चालू असल्याची पाटी अडकवायचे. एकदा एक आजोबा ताटकळून चिडले, की आतल्या माणसाचे डोळे इतके गेलेत का. काका म्हणाले, अवघड नंबर आहे. मला हसू यायला हवं होतं. मी बाटली बेसिनमध्ये ओतली, नळ सोडला आणि येऊन त्या आजोबांना फ्रेमी दाखवल्या. हल्ली असंच चालतं. लोक विचारतात, कशी आहेस, मी सांगते, बरी आहे, आणि खरंच तशीच असते. दुखत नाही. गोडही लागत नाही काही.

आता त्या सुनेबद्दल. ठमे, शेजारणीला मुलगाच नाही. दोन मुली आहेत, त्यातली धाकटी तुझ्या वर्गात होती. आईच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि तिला तुम्ही एवढं मोठं गुपित सांभाळायला दिलंत. त्यात तू किती महिने झाले व्हिडिओवर गळ्यापर्यंतच दिसतेस. मी समजून गेले होते, फक्त म्हटलं सांगाल. तुम्हाला वाटलं असेल, हिला सोसणार नाही. किंवा मी बाळाकडे कसं बघेन याची धास्ती वाटली असेल. तसं असेल तर तेही सांग, मला चालेल. मला स्वतःलाच माहीत नाही मी कशी बघेन.

खोकं भरण्याआधी मोटर चालते का बघायला मी ती लावली. तो घरघर आवाज आला आणि छाती भरून आल्यासारखी झाली. दूध कधीच आटलंय, तरी. मी तिथेच फरशीवर बसले आणि मला तुझा राग आला. चांगला सणसणीत. लहानपणी माझ्या सगळ्या पेन्सिली चावून ठेवायचीस, तेव्हा यायचा तसा. पिल्लू गेल्यापासून मला काहीच येत नव्हतं, ते हे आलं. म्हणून पत्र लिहायला घेतलं, नाहीतर सामान नुसतंच पाठवलं असतं. तर ऐक. खोक्यात सगळं आहे, मोटरची वायर नाही. विसरले नाही, काढून ठेवलीय, माझ्या पर्समध्ये आहे. तुला कळा सुरू झाल्या की मला बोलवायचं, मी वायर घेऊन येईन आणि पंप मीच लावून देईन. शेजारणीच्या सुनेला सांग तिची तिने बघावी. आणि पत्र वाचून झालं की लगेच व्हिडिओ कॉल कर. कॅमेरा जरा खाली धर.

तुझीच, रागावलेली,
ताई