बीपीचा पट्टा

माय,

तुझा मनगटावरचा बीपीचा पट्टा माझ्याकडं आहे. वहिनीकडं नाही, भावाकडं नाही, माझ्याकडं. तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "ताई, आईंच्या पेटीतलं तुम्हाला काय हवं ते घ्या," आणि ती चहा ठेवायला आत गेली तेवढ्यात मी पेटीच्या तळाशी हात घातला. जुन्या खणात गुंडाळलेली त्याची लाल डबी लगेच हाताला लागली. मी ती माझ्या पिशवीत सारली, वर एक लुगडं ठेवलं, आणि चहा घेऊन ती बाहेर आल्यावर म्हणाले, मला हे लुगडं पुरे. चोरलीच म्हण ना. तो पट्टा मला घालायचा नव्हता, कुणाला द्यायचाही नव्हता. तो परत तिच्या हातात जाऊ नये, एवढंच मनात होतं.

आता तू म्हणशील, काहून गं बाई इतकी जळतीस? जळत होते, माय, आणि अजून पुरती विझले नाही. तुझ्यापाशी लपवून काय करू. दर शनिवारी आरोग्य उपकेंद्राला कुलूप लावून मी जीपच्या मागच्या फळीवर बसून तुझ्याकडं येत होते, मांडीवर बीपी मोजायच्या मशीनची पेटी. दारात पाय ठेवला की तू म्हणायचीस, "आली व्हय? पीठ मळलेलं हाय, भाकरी टाकून घे." आणि वहिनी औरंगाबादहून वर्षातनं दोनदा यायची, तर तिच्यासाठी आदल्या दिवसापासून धपाट्यांची तयारी, कधी नव्हे ती पेटीतली फुलाफुलांची चादर बाहेर. ती तुला "आई" म्हणायची. आमच्या घरात "आई" म्हणणारी पहिली तीच. आम्ही आपले जन्मभर माय, माय करत राहिलो, आणि तिच्या एका "आई"वर तू अशी हसायचीस की मला चुलीपुढं बसून राग गिळावा लागायचा.

त्यात पाटल्या. आमचे बापू गेले त्या वर्षी हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. दहाव्याला बायकांनी तुझ्या हिरव्या बांगड्या फोडल्या. पाटल्या तशाच राहू दे, सोन्याला कोण काय म्हणतंय, असं सगळ्या म्हणाल्या. पण तू तिथंच हात पुढं करून त्या काढल्यास आणि पदरात बांधून ठेवल्यास. दीड वर्षानं भावाचं लग्न झालं तेव्हा त्या वहिनीच्या हातात गेल्या. मी मांडवातच म्हणाले, "माय, माझं काय?" तू म्हणालीस, "तुझ्या लग्नात तुला शिलाई मशीन दिलीया की." शिलाई मशीन! मी नर्सबाई, मी कुठं झबली शिवत बसणार? ती गंजून गेली. पाटल्या मात्र तिच्या हातावर अजून जशाच्या तशा आहेत.

बापू गेल्यावर तुला चक्कर यायला लागली. मी मोजलं तर वरचा आकडा एकशे नव्वद. मोठ्या दवाखान्यात नेऊन डॉक्टरांकडून गोळी लिहून आणली, तर तू ती जिभेवर धरून माझी पाठ वळली की चुलीत थुंकायचीस. मी राखेत बघितल्या ना. ओरडले तर म्हणालीस, "गोळीनं पोटात आग पडती. समदे म्हणतेत तांब्याचं कडं घाल." मी नोकरी करते सरकारी आरोग्य खात्यात, आणि माझ्याच आईला कडं पाहिजे! तरी मी नरसीला गेले. देवळाच्या रस्त्याला माळा, पितळेच्या मूर्ती, कडी, अंगठ्या मांडून बसतात तिथं एक म्हातारे चाचा स्वतः ठोकून कडी करायचे. मी म्हणाले, माझ्या आईचा हात बारीक आहे. त्यांनी माझाच हात धरून माप घेतलं, दोन टोकं लाकडाच्या ठोकळ्यावर वाकवली आणि म्हणाले, "बेटी, कडा पेहनाओ, लेकिन डॉक्टर की दवा बंद मत करना." मला तो माणूस डॉक्टरपेक्षा शहाणा वाटला.

तुला मी अट घातली. कडं घालायचं तर गोळी गिळायची, माझ्यासमोर, तोंड उघडून दाखवायचं. तू कबूल केलंस. आठ दिवसांनी येऊन बघते तर हात मोकळा. कडं कुठं गेलं? पाण्याच्या माठात. "मनगट हिरवं पडतंय," तू म्हणालीस, "आन् गड्याच्या हातावानी दिसतंय. पाण्यात टाकलंय, पाण्यातनं गुण येतोच की." गोळ्या मात्र त्या दिवसापासून तू सोडल्या नाहीस. मी पाकिटं बघायची, एकही गोळी चुकलेली नसायची. तेव्हा मी स्वतःशी म्हणाले, जाऊ दे, कडं माठात गेलं तर गेलं, गोळी पोटात जातीय ना. पण माठातून तांब्या भरताना ते तळाशी दिसायचं आणि मन खट्टू व्हायचं. एवढ्या उन्हात नरसीला गेले होते मी, माय.

मग त्या दिवाळीला वहिनी आली. तिच्या कॉलनीत एका बाईच्या घरी दर रविवारी बायका जमायच्या, चुंबकाच्या गाद्या, चुंबकाच्या माळा, चुंबकाचे पट्टे, सगळ्या रोगांवर एकच इलाज. तिथून तिनं ती लाल डबी आणली होती. आत सोनेरी आणि चंदेरी कड्या आलटून पालटून जोडलेला पट्टा, आणि उलटा केला की प्रत्येक कडीत मुगाच्या दाण्याएवढा काळा चुंबक. मी ओठावर आलेलं हसू दाबलं. वाटलं, माय आता हिला सांगेल, असली थेरं नको म्हणून. आणि तू डावा हात पुढं केलास! वहिनीनं कडी अडकवली आणि हळूच म्हणाली, "आई, हे औषध आहे. औषधाला कोणी काही म्हणत नाही." तू हात दारातल्या उजेडाकडं नेऊन असा फिरवलास, तसा फिरवलास. मी मनात म्हणाले, सोन्याच्या पाटल्या घेऊन गेली आणि लोखंडाचा पट्टा देऊन गेली, आणि आमची माय खूश.

त्यानंतर आमच्या गल्लीत दुसरा विषयच राहिला नाही. येईल त्या बाईला तू पट्टा दाखवायचीस. पदराची पिन काढून त्याला चिकटवायचीस, हात उलटा धरायचीस, पिन पडायची नाही, बायका "अगं बया!" करायच्या. "सुनेनं आणला. घातल्यापून बीपी उतरलं बघा. चक्कर म्हून न्हाई." चक्कर म्हणून नाही! माय, वर्षभर दर शनिवारी तुझ्या घशाखाली गोळी कुणी उतरवली? जीपमध्ये बकऱ्यांशेजारी बसून कोण आलं? गोळ्या माझ्या आणि नाव तिच्या पट्ट्याचं. शेजारची काकू मला म्हणाली, "तू येवढी दवाखान्यात हाईस, तुला न्हाई व्हय असलं काही मिळत?" मी घरी जाऊन जेवले नाही. नवरा म्हणाला, "लेकरू झालीस का तू?" त्यालाही बोलले.

आणि मग संक्रांतीचा दुसरा दिवस. तुला तो दिवस आठवतो का मला ठाऊक नाही, मला एक एक गोष्ट आठवते. दुपार आहे, ओट्यावर सहा-सात बायका बसल्यात, आदल्या दिवशी वाणाच्या गडबडीत भरलेल्या नव्या बांगड्या सगळ्यांच्या हातात. त्यांच्यात तू बसलीस, तीळ निवडत, आणि तुझ्या हातात तो पट्टा. कुणीतरी म्हणतं, "बाई आली मोजायला, मोजा की आता, बघू किती गुण आलाय सुनेच्या पट्ट्याचा." मी पेटी उघडते. तुझ्या दंडाला पट्टी गुंडाळते, फुगा दाबते. पारा वर चढताना सगळ्या बघतायत. पण पारा दिसला तरी ठोके कुणाला ऐकू येणार? ते फक्त माझ्या कानात. पहिला ठोका एकशे तीसला लागला. शेवटचा ऐंशीला. गोळी सुरू झाल्यापासून तुझं इतकं चांगलं बीपी कधी आलं नव्हतं.

मी कानातल्या नळ्या काढल्या आणि म्हणाले, "एकशे ऐंशी."

मी थांबले नाही. म्हणाले, "या लोहचुंबकानंच वाढलंय. रक्त ओढून राहिलं ते. काढ आधी." मी, शिकलेली, चुंबकानं काही होत नाही हे पक्कं ठाऊक असलेली, मी त्या चुंबकाला नसलेली ताकद दिली, का तर तो तुझ्या हातातून निघावा. काकू म्हणाली, "काढ बाई काढ, उगं तकलीफ नको." तुला कडी निघेना. मीच काढली. मनगटावर उन्हानं न रापलेली पट्ट्याएवढी गोरी रेघ उरली होती. तू लगेच तिच्यावर पदर ओढलास. मग माझ्याकडं बघून विचारलंस, "पोरी, खरंच येवढं वाढलं व्हय?"

"मशीन खोटं बोलत न्हाई," मी म्हणाले.

दोन दिवसांनी, शनिवारी, मी पुढच्या महिन्याच्या गोळ्या दिल्या तेव्हा तू पाकीट उलटसुलट करून बघितलंस. "बीपी वाढलं तर गोळी तीच काहून?" मी म्हणाले, डॉक्टर सांगतील तेव्हा बदलू. तू "बराबर हाय" म्हणालीस आणि पाकीट फडताळात ठेवलंस. तुला तेव्हाच कळलं होतं का, माय? हे मला कधी विचारता आलं नाही. पट्टा पुन्हा घातला नाहीस. पाडव्याला वहिनीनं विचारलं, तर माझं नाव घेतलं नाहीस. म्हणालीस, "कामाच्या गडबडीत तुटंल म्हून ठिवलाय गं." मी चुलीपाशीच होते. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगू, थोडा आनंदही झाला. मी जिंकले होते. पुढं तीन वर्षं तू होतीस. शेवटी तापाचं निमित्त झालं, बीपीचं त्यात काही नव्हतं. तीन वर्षं तुझे हात मोकळे राहिले आणि मी दर शनिवारी त्याच दंडाला पट्टी बांधत राहिले.

माझा नवरा गेला त्याला आता बराच काळ झाला. दहाव्याला माझ्याही बांगड्या फुटल्या. मी शिकलेली आहे, मी घालू शकले असते, कोण नोकरीवरून काढणार होतं? पण घातल्या नाहीत. पहिल्या दिवशी उपकेंद्रात गेले, लेकराला डोस पाजायला हात पुढं केला, तर तांड्यावरची एक बाई, खांद्यापर्यंत बांगड्या घातलेली, माझ्या मनगटाकडं बघून राहिली. वाईट काही बोलली नाही बिचारी. मला मात्र हात कुठं ठेवावा कळेना. दिवसभर मी रजिस्टर उगाच छातीशी धरून फिरले. संध्याकाळी भाकरी थापताना परातीत आवाज नाही. मला माझ्या हातांची लाज वाटत होती, माय, आणि तेव्हा तू दारातल्या उजेडात हात फिरवत होतीस ते आठवलं. तुला बीपीचं काही पडलंच नव्हतं, मोकळ्या हातात काहीतरी हवं होतं. तांब्याचं कडं तुला नको होतं, ते गड्याच्या हातासारखं दिसत होतं. त्या परक्या घरातून आलेल्या पोरीला ते एका नजरेत कळलं, आणि पोटच्या पोरीला दर शनिवारी येऊन कळलं नाही. यानं तर मला जास्तच जळायला झालं.

नवरा गेल्यावर महिन्याभरानं वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "ताई, तुम्ही सगळ्यांचं बीपी मोजता, स्वतःचं मोजलंत का?" मी म्हणाले, बघते. सकाळीच मोजलं होतं. एकशे तीस, ऐंशी. तिनं परत विचारलं, "वाढलं असेल हो. किती आहे?"

तुला सांगितला होता तोच आकडा मी तिला सांगितला.

"अगं बाई," वहिनी म्हणाली. "मग आईंचा पट्टा घाला ना. तुमच्याकडंच आहे तो. मी तेव्हाच बघितलं होतं."

हे सगळं मी तिलाही लिहू शकते, तिचा पत्ता आहे माझ्याकडं. लिहिणार नाही. पाटल्या अजून तिच्याच हातात आहेत आणि त्या बघितल्या की माझ्या पोटात दुखतं ते दुखतंच. पण पट्टा मी घालते. उपकेंद्रातल्या बायका विचारतात, शिस्टर, हे काय? मी सांगते, बीपीचा आहे, माझ्या वहिनीनं आणलाय. आणि पिन काढून चिकटवून दाखवते.