नाव न सांगणारा ड्रायव्हर

बाबा,

काच बसली! प्रत्येक बसमध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागे! बारा वर्षं वाहतूक आणि व्यापाराच्या बातम्या लिहितेय, पण माझ्या बातमीनं आजवर साधा स्क्रूसुद्धा हलला नव्हता.

मघाशी तुम्ही फोनवर ओरडलात, "कुणीतरी तोंड उघडलं गं एकदाचं! कोण असेल तो वाघ?" मी "जेवलात का?" विचारून विषय बदलला.

अहो, तो वाघ तुम्हीच! साथ भरात असताना चिडून म्हणाला होतात ना, "पॅसेंजर मानेवर खोकतात, अन् मास्क महिन्याला एक"? चार डेपोंत खात्री केली आणि तेच छापलं, तुमचं नाव वगळून.

तुमचे साहेब त्या ड्रायव्हरला अजून शोधतायत, म्हणून हे पत्र टाकणार नाही. शोधू देत की! बातमीच्या वर माझं पूर्ण नाव छापलंय, त्यात मधलं नाव तुमचंच आहे.

तुमची,
आगाऊ पोरगी