मालक किंवा भोगवटादार

सर, तुमच्या शोकसभेला मी आले नव्हते. मुद्दामच. एकेक जण उठून तुम्हाला गरिबांचा वकील म्हणणार आणि मी मान खाली घालून ऐकणार, हे मला जमलं नसतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पनवेलच्या कोर्टात कुणी तुमचं कौतुक सुरू केलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आज दुपारी लॉ कॉलेजची एक मुलगी आली. मे महिन्यात काम शिकायला येऊ का, विचारत होती. जाता जाता म्हणाली, "मॅडम, तुम्ही त्या सरांच्या हाताखाली तयार झालात ना? लकी आहात." लकी! तिला सोमवारपासून ये म्हटलं, ती गेली, आणि मी हे लिहायला बसले.

तिला काय माहीत तुमची ती उन्हाळ्याची युक्ती. वीज ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंचापुढे तेव्हा वकिलाला उभं राहायची बंदी होती. ग्राहकाने स्वतः बोलायचं, नाहीतर वकील नसलेला प्रतिनिधी आणायचा. म्हणून कॉलेजला सुट्टी लागली की तुम्ही आम्हाला गोळा करायचात. सनद नाही म्हणजे वकील नाही, म्हणजे चालतो! बाहेर पाटी मोफत सल्ल्याची, आत एकच पंखा, तोही तुमच्या डोक्यावर. रोज सकाळी आमच्याकडून पाढ्यासारखी एक ओळ म्हणून घ्यायचात, वीज मागण्याचा हक्क मालकाला किंवा भोगवटादाराला. राहतो त्याचा हक्क, नाव कुणाचंही असो. मी अडखळले की सगळ्या पक्षकारांसमोर म्हणायचात, "बाईसाहेब, लग्न करा, सुखी व्हाल." आणि मंचात तुम्हाला तोंड उघडता यायचं नाही, म्हणून मागच्या खुर्चीतून खोकायचात. एकदा खोकलात तर थांब. दोनदा खोकलात तर मुद्दा सोडू नकोस. कळसूत्री बाहुल्या होतो आम्ही तुमच्या, दुसरं काही नाही.

बेलपाड्याची ती बाई आठवते का तुम्हाला? नसेलच आठवत. नवरा न्हावा शेवाला कंटेनरवर ड्रायव्हर होता, तो वारलेला. ती कोळंबी, बोंबील आणून घरातल्या फ्रीजरमध्ये ठेवायची आणि खारघरच्या सोसायट्यांत विकायची. घराचा मीटर सासऱ्याच्या नावावर, आणि सासरा कधीच गेलेला. त्यात नवल काहीच नव्हतं, आपल्याकडच्या गावांत निम्मे मीटर मेलेल्यांच्याच नावावर चालतात. नाव बदलायचं तर सगळ्या भावांच्या सह्या लागतात, आणि सह्यांचा विषय निघाला की जमिनीचा निघतो, म्हणून कुणी हातच लावत नाही. तिच्या दिराला ते घर बिल्डरला द्यायचं होतं. त्याने मयताचा मुलगा म्हणून अर्ज केला, मीटर कायमचा बंद करा. वीज कंपनीने लगेच काढून नेला.

ती टेबलासमोर उभी आहे, पदराने मान पुसतेय. "मॅडम, मासली सगली टाकली मी खाडीत. त्याला म्हाईत हाय, अंधारान बाई किती दिस राहील? लाईट नाय त धंदा नाय. मी एकदा भायेर पडली का तो कुलूप लावील." मी तुमच्याकडे बघते. तुम्ही म्हणता, "केस हिची. ही लढेल." मला तेव्हा किती आनंद झाला होता, ते आठवलं की आता माझाच राग येतो.

कारण सुनावणीच्या आदल्या दिवशी तुमच्या केबिनमध्ये तो दीर बसला होता. चहा पीत. तुम्ही ओळख करून दिलीत, "हे आपले जुने पक्षकार. जमिनीची कामं आपल्याकडेच असतात." तो गेल्यावर मला म्हणालात, उद्या पुढची तारीख मागून घे. मी म्हटलं, "सर, तिचं घर जाईल." तुम्ही फाईलमधून डोकं वर न काढता म्हणालात, "तारीख मागितल्याने कुणाचं घर जात नाही." सर, तुम्हाला चांगलं माहीत होतं की जातं. तारखांवर तर तुमची उभी हयात गेली होती.

मी तारीख मागितली नाही. मंचाचे अध्यक्ष म्हणाले, मीटर मयताच्या नावावर, अर्ज मयताच्या मुलाचा, मग कंपनीचं चुकलं काय? बाई माझ्या तोंडाकडे बघतेय, आणि मला एक शब्द सुचत नाहीये. तेवढ्यात मागून तुम्ही खोकलात. एकदा. मी वाट बघत राहिले. मग पुन्हा. आणि माझ्या तोंडून ती पाढ्याची ओळ आपोआप बाहेर पडली. साहेब, हक्क मालकाला किंवा भोगवटादाराला आहे, आणि या घरात राहतात त्या या. त्यांना न विचारता वीज तोडली कशी? त्याच दिवशी आदेश निघाला, मीटर परत लावा, निकाल लागेपर्यंत वीज चालू ठेवा. बाईने माझा हात असा दाबला की बांगड्या रुतल्या. फ्रीजरमध्ये पुन्हा बर्फ धरला, आणि ती आजही त्याच घरात राहते.

दुसऱ्या दिवशी मी आले तर माझी खुर्ची बाहेरच्या जिन्यात होती. "इथे माझ्या शब्दाला मान नसेल तर जागा नाही," म्हणालात. कॉलेजला द्यायचं सर्टिफिकेटही दिलं नाहीत, माझं ते काम फुकट गेलं. तुम्ही दोनदा खोकलात ते मुद्दाम, की तुमची छाती तेव्हापासूनच बिघडत होती? मी यावर इतका विचार केलाय की शरम वाटते. आणि मुद्दाम खोकला असाल तर आणखी चीड येते. धड बाजू तरी घ्यायची होती एकाची! त्या दिराचा चहाही तुमचाच आणि माझा निकालही तुमचाच, असं कसं चालेल?

हे पत्र टाकायचं म्हटलं तरी पत्ता हाच, जिथे मी आत्ता बसलेय. तुमच्या मुलाने ऑफिस विकायला काढलं, ते मीच घेतलं. सुडाने घेतलं म्हणा हवं तर. पाटी उतरवली, तुमची खुर्ची भंगारात दिली, पोरांच्या डोक्यावर पंखे लावले. आणि येईल त्या पक्षकारावर ओरडते, मेलेल्या माणसाचं नाव मीटरवर ठेवू नका, आधी बदलून घ्या. खाली जिन्यातल्या माझ्या मीटरवर अजून तुमचंच नाव आहे. बदलायचा अर्ज तुमच्या मुलाने सही करून केव्हाच दिलाय. ड्रॉवरमध्ये पडलाय.

सोमवारी ती मुलगी येईल. पहिलं काम म्हणून मी तिला मीटर वाचायला खाली पाठवेन, तुम्ही आम्हाला पाठवायचात तसंच. नाव बघून ती वर येऊन विचारेलच. मी सांगेन, राहून गेलं गं. ते खोटं आहे, सर.