वयाची अट

प्रिय टिल्ल्या,

सहा फूट उंच आणि स्वतःची बेकरी चालवणाऱ्या माणसाला या नावाने हाक मारणारी जगात आता मी एकटीच उरले असेन. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मी ‘बाबा’ म्हटलं रे म्हटलं की तुझे पाव नेमके तेव्हाच करपायला लागतात. म्हणून हे पत्र. हे फार तर तू चुरगळून टाकशील आणि मग गुपचूप उचलून वाचशील. तू पाळण्यात असल्यापासून मी तुला ओळखते.

दुकानावरची आपली खोली आठवते का रे? दुपारी जमिनीला कान लावून झोपायचो आणि खालून शिलाई मशीनची घरघर यायची. ती थांबली की जाग यायची. कापडाच्या चिंध्यांचा ढीग साठला की तू त्यात उडी मारायचास आणि अंगभर दोरे चिकटवून जेवायला बसायचास. मला सगळ्यात जास्त आठवतात त्या बाबांच्या टाचण्या. ओठांत टाचण्या धरून ते कुणाचा तरी कोट बेतत असले की त्यांना रागावता यायचं नाही, नुसतं ‘हूं’ म्हणायचे. आपण बरोबर तीच वेळ गाठून हवं ते मागायचो. हूं म्हणजे हो, हा अर्थ आपण परस्पर लावलेला. सहलीला जाणं, सायकल, मांजराचं पिल्लू, सगळं त्या हूंवर पदरात पडलं. आणि तू ‘मला दुकान नको, मला बेकरीत काम शिकायचंय’ असं सांगितलंस, त्या दिवशी मात्र त्यांचं तोंड मोकळं होतं. ते काय काय बोलले ते तुलाही पाठ आहे, मलाही. तू पिशवी उचललीस आणि जिना उतरलास. आई दारात उभी होती. बाबा मान खाली घालून शिवत राहिले. शिवण वाकडी गेली आणि नंतर ती सगळी उसवावी लागली, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

माझं काम तुला ठाऊक आहेच. शाळा संपलेली, कॉलेज सुटलेलं, पहिल्या नोकरीत जीव न रमणारी, घर सोडून जायला निघालेली मुलं आमच्या केंद्रात येतात आणि मी त्यांचं ऐकते. आई शेजारणीला सांगते, ‘माझी मुलगी गप्पा मारायची डॉक्टर आहे.’ मागे एक मुलगी आली होती. लांबच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला, घरचे हरखलेले, आणि हिला कुणीतरी ‘जाऊ नकोस’ म्हणावं एवढंच हवं होतं. जायचं होतं तिला, पण आपण गेल्यावर कुणाला चुकल्याचुकल्यासारखं होईल की नाही, ते आधी कळायला हवं होतं. तिचं ऐकताना मला तुझी पाठ दिसत होती, जिना उतरणारी. अशी मुलं आली की तू येतोसच. एक टप्पा सुटलेला असतो आणि पुढचा अजून हाताला लागलेला नसतो. ती मधली जागा फार अवघड असते, असं मी त्यांना नेहमी सांगते.

ती जागा आपल्याच घरात येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. बाबांनी दुकान बंद केलं, हे आईने तुला सांगितलंच असेल. (ती न्हाणीघरात नळ सोडून तुझ्याशी फोनवर बोलते, हे बाबांसकट सगळ्यांना माहीत आहे. ती बाहेर आली की ते नुसतं विचारतात, ‘पाणी आलंय का चांगलं?’) सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा त्यांनी मशीन देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी काही विचारायला गेले की म्हणायचे, ‘तू तुझी पोरं सांभाळ.’

मग एका दुपारी आमची स्वागतिका माझ्याकडे आली. तिला हसू आवरत नव्हतं आणि हसावं की नाही तेही कळत नव्हतं. ‘एक आजोबा आलेत. विचारतात, इथे वयाची अट आहे का?’ मी दारातून डोकावले, तर आमच्या त्या बुटक्या रंगीत खुर्चीवर बाबा बसलेले, गुडघे छातीशी आलेले. शेजारी निळ्या केसांची एक मुलगी होती, तिच्या बॅगेचा पट्टा तुटलेला. बाबा कॉलरखालची सुई काढून तो शिवत होते आणि दोरा त्या मुलीकडून ओवून घेतलेला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणाकडून तरी दोरा ओवून घेताना मी पाहिलं.

खोलीत आल्यावर ते म्हणाले, ‘मुलाशी कसं बोलायचं ते मला शिकायचंय. तू पोरांना शिकवतेस, मग मला का नाही?’ घरच्या माणसाला आपण स्वतः घेत नाही, असा आमच्या कामाचा नियम आहे, तो मी सांगितला. त्यांना तो पटला, कारण स्वतःचा कोट ते नेहमी दुसऱ्या शिंप्याकडून शिवून घ्यायचे. आमच्याकडे एक वयस्क सहकारी आहेत, फार शांत गृहस्थ. त्यांनी अट बाजूला ठेवली. तेव्हापासून बाबा दर आठवड्याला जातात, पोरांच्या रांगेत बसतात. आत काय बोलतात ते मला कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही. घरी मात्र सराव चालतो. परवा आईला म्हणाले, ‘मी मघाशी असं बोललो, त्याचं तुला वाईट वाटलं का?’ आईने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ डोळे पुसत राहिली.

आता पत्राचं खरं कारण. काल बाबा माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, ‘मी त्याला फोन केला तर चालेल का, हे आधी त्याला विचार. आणि तो नाही म्हणाला तर तू त्याच्यावर चिडू नकोस. त्याचा हक्क आहे.’ टिल्ल्या, या माणसाने आजवर मुलांना काही विचारून केलं नव्हतं. तू हो म्हणच, असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुठल्याच मुलाला मी तसं सांगत नाही आणि तुला तर मुळीच सांगणार नाही. तुला जे सोसावं लागलं ते तुझं आहे. उठून जाताना मात्र त्यांनी दारात थांबून आणखी एक विचारलं, तुझ्या कामात व्यत्यय नको म्हणून. तुझी भट्टी संध्याकाळी किती वाजता थंड होते? मला ते माहीत नव्हतं. वाटलं तर तेवढं कळव.

तुझीच, नसत्या उठाठेवी करणारी
ताई